ठेवणीतल्या काकू

काकूंच्या गोदरेजच्या कपाटातला वरचा कप्पा लग्नामुंजींचा, मधला हळदीकुंकवाचा आणि खालचा ‘असंच कुठं जायचं झालं तर’ या सदरातला. काकू रोज जे नेसतात ते यांपैकी कुठल्याच कप्प्यात नसतं. ते बेडरूमच्या दारामागच्या खुंटीवर असतं. विटक्या चॉकलेटी रंगाची साडी, ओढणी भलत्याच ड्रेसची असलेला पंजाबी ड्रेस आणि मोठमोठ्या फुलांचा गाऊन तिथं गुण्यागोविंदानं नांदतात. कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला असते आणि आतलं ऐश्वर्य डांबरगोळ्यांच्या स्वाधीन.

ठाण्यात, डोंबिवलीत, कोथरूडला, नागपूरच्या धरमपेठेत, कुठंही जा. सोसायटीत या काकू असतातच. त्यांची मुलगी त्यांना तोंडावर ‘काकूबाई’ म्हणते. काकूंना त्यात चिडण्यासारखं काही वाटत नाही. त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूमागं एक कारण असतं आणि एकेकटं पाहिलं तर ते बिनतोड असतं. घोळ होतो तो बेरजेत.

पहिलं कारण मळखाऊपणाचं. डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, लिंबोळी या रंगांतले बारकावे काकूंना दुकानदारापेक्षा जास्त कळतात. स्वतःसाठी घेताना मात्र त्यांचा हात जातो तो चहा सांडला तरी मुळातलाच वाटेल अशा रंगाकडे. मळखाऊ रंग मळ खातो हे खरं, पण त्याबरोबर चेहऱ्यावरचा उजेडही खातो. गव्हाळ वर्णाखाली मातकट पदर आला की दोघांत काही फरकच उरत नाही. चेहरा कुठं संपला आणि साडी कुठं सुरू झाली हे समोरच्या बाईला चष्मा लावून बघावं लागतं.

वर्षातले नऊ दिवस मात्र काकूंच्या हातात काही नसतं. वर्तमानपत्रं नवरात्राचे रंग छापायला लागल्यापासून भजनी मंडळानं तो नियमच करून टाकला आहे. पिवळ्याच्या दिवशी काकू पिवळं नेसतात, आणि पिवळा त्यांना किती खुलतो हे सगळ्या सोसायटीला दरवर्षी नव्यानं कळतं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की काकू पुन्हा चॉकलेटी.

पण काकूंच्या रूपाची खरी सूत्रं आहेत ती मापाच्या ब्लाउजच्या हाती. शिंप्याकडे टेप लावून घेणं त्यांना पसंत नाही. त्या पिशवीतून एक जुना ब्लाउज काढून टेबलावर ठेवतात. तो आधीच्या मापाच्या ब्लाउजवरून शिवलेला असतो, आणि तो त्याच्या आधीच्यावरून. ही वंशावळ मागं मागं नेली तर ती काकूंच्या लग्नापाशी जाऊन थांबते. दर पिढीला सूचना एकच : ‘मास्तर, याच मापाचा. फक्त अर्धा इंच सैल.’ मधल्या काळात काकूंचं वजन वाढलं, घटलं, पुन्हा वाढलं. ब्लाउजनं मात्र मागं वळून पाहिलं नाही.

याचा परिणाम कुठल्याही लग्नाच्या अल्बममध्ये दिसतो. जुना ब्लाउज धुऊन धुऊन ताणलेला असतो, काखेत उसवून पुन्हा शिवलेला असतो. त्याच्यावरून माप घेतलं की माप येतं ते अंगाचं नव्हे, झिजेचं. मग खांदा दंडावर उतरतो, मुंढ्याशी चुण्या पडतात, पुढचे टक्स दोन बोटं खाली येतात आणि बाई उभी असली तरी थकून बसल्यासारखी दिसते. वर आत दोन्ही बाजूंना इंच-इंच मार्जिन हवंच. ते दुमडलेलं कापड बाजूच्या शिवणीखाली जाड पट्टी धरून बसतं.

“काकू, एकदा टेप लावू द्या,” मास्तर विनवतात.

“नको. यात बसतं माझं सगळं.”

“बसतं हो. पण अजून एक जण बसेल.”

बाहीची लांबी काकू ठरवत नाहीत, कापड ठरवतं. साडीबरोबरचा ब्लाउजपीस साधारण 80 सेंटिमीटरचा असतो आणि ओटीत आलेला बहुधा त्याहून आखूड. काकूंकडे ओटीतल्या पिसांची चळत आहे. त्यातले काही पुढच्या घरी ओटीत जातात आणि पुढच्या संक्रांतीला तिसऱ्याच घरून परत येतात. असा पीस दुसऱ्यांदा आला की काकू तो शिवून टाकतात. कापड संपतं तिथं बाही संपते, आणि ते ठिकाण नेमकं दंडाच्या सगळ्यात गुबगुबीत भागावर येतं. बघणाऱ्याची नजर जाते ती काठाकडे, आणि काठ तिला तिथंच थांबवून धरतो. तोच काठ कोपराजवळ नेला असता तर दंड सडपातळ दिसला असता. पण त्याला मीटरभर कापड लागतं, आणि घरात एवढे पीस पडलेले असताना मीटरभर कापड विकत आणणं काकूंच्या बुद्धीला पटत नाही.

परकराचंही तसंच. भरपूर घेराचा सुती परकर, नेफ्यात जाड नाडी, त्या नाडीवर गोळा झालेल्या चुण्या आणि त्यांच्यावर खोचलेल्या निऱ्या. एवढा सगळा ऐवज एका जागी जमल्यावर कंबर असली तरी ती कोणाला दिसणार? आजकाल दुकानांत फिशकट परकर मिळतात, ते अंगाबरोबर खाली उतरतात. मुलीनं एक आणून दिला. काकूंनी तो घालून पाहिला, हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, “यात रिक्षात चढायचं कसं?” प्रश्न रास्त होता.

साडीच्या फॉलची गोष्ट त्याहून गमतीची. सुती फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि काठाला खालून चुण्या पडून साडी घोट्यापाशी वर ओढली जाते. म्हणून फॉल आधी भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायचा आणि मग लावायचा. हे मुलीला, सुनेला आणि वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरणीला काकूंनीच शिकवलं. काकूंच्या स्वतःच्या साड्यांचे काठ मात्र घोट्याच्या वर लहरत असतात. कारण? “घरातच तर नेसायची.”

यावरून काकूंना कपड्यांतलं कळत नाही असं कोणी समजेल, तर त्यानं त्यांच्याबरोबर एकदा बस्ता बांधायला जावं. नात्यातल्या प्रत्येक लग्नाचं त्यांना आमंत्रण येतं ते आधी बस्त्याचं आणि मग अक्षतांचं. दादरच्या नाहीतर लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात काकू गादीवर मांडी ठोकून बसल्या की सेल्समन आवाज खाली आणतो. पैठणी पुढ्यात आली की काकू सरळ पदर उलटा करतात. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर मागच्या बाजूनंही तेवढेच रेखीव असतात; यंत्रावरच्या पैठणीच्या पाठीला सुटे, कापलेले धागे दिसतात. एक बोट फिरवून काकू निकाल देतात : “ही येवल्याची नाही. दुसरी काढा.” सेल्समन काही न बोलता दुसरी काढतो.

नवरीच्या खांद्यावर त्या पदर टाकून बघतात, दोन पावलं मागं जातात, मान वाकडी करतात. “हिला पिस्ता नको, आजारी दिसेल. तो वांगी दाखवा.” वांगी रंगाचा पदर पडतो आणि नवरी तिथंच खुलते. ब्लाउजचं कापड जुळवायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलं की काकू ट्यूबच्या उजेडावर विश्वास ठेवत नाहीत. दोन कापडांतले रंग वेगळ्या रसायनांचे असतात आणि ट्यूबच्या प्रकाशात उन्हातले सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे आत जुळलेली जोडी बाहेर आली की फारकत घेते. जाणती गिऱ्हाइकं कापड घेऊन दाराशी येतात. काकू रस्ता ओलांडून पलीकडच्या उन्हात जातात, आणि तागा परत येतो की नाही या काळजीनं दुकानातला पोरगा त्यांच्या मागं धावतो.

बस्ता संपतो. यजमान म्हणतात, “काकू, आता तुमच्यासाठी काढा एक.”

“मला कशाला? पडल्यात इतक्या.”

आग्रह फार झाला की काकू मानपानाच्या ढिगाकडे वळतात आणि त्यातली एक उचलतात. रंग मळखाऊ. ब्लाउजचं कापड? “द्या हो कुठलंही. पदराखाली कोणाला दिसतंय?”

काकूंचं स्वतःचं एक शास्त्रही आहे. आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो, म्हणून आडव्या रेघांची साडी त्या आयुष्यात नेसलेल्या नाहीत. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं की एकाच मापाच्या दोन चौरसांपैकी आडव्या रेघांचा चौरस उंच आणि अरुंद भासतो, उभ्या रेघांचा रुंद. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात हे माणसाच्या आकृत्यांवर करून पाहिलं, तो निबंध 2011 साली छापून आला, आणि आडव्या रेघांवरचा जाडीचा आरोप तिथंही टिकला नाही. मुलीनं ही माहिती मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवली. काकूंनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

“त्या साहेबांनी मला पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

राहिला गाऊन. मूळचं हे झोपायचं वस्त्र. काकूंच्या अंगावर ते सकाळच्या दुधापासून रात्रीच्या दुधाच्या विरजणापर्यंत असतं. त्यावर ओढणी घेतली की काकूंच्या मते तो बाहेर जायचा पोशाख होतो. वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या तातडीच्या सभेला काकू ओढणी घेऊन जातात. ओढणीचा रंग गाऊनशी जुळावा अशी अट नसते; ती खुंटीवर वरच्या बाजूला असावी एवढीच असते. 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानंच गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बायकांना 500 रुपये दंड जाहीर केला होता. ती बातमी ऐकून काकू हादरल्या. “अगं, ओढणी घेतली तरी?”

काकांच्या निवृत्तीनंतर दोघं युरोपच्या सहलीला गेले. युंगफ्राऊयोखला, 3,454 मीटर उंचीवर, बर्फात काढलेला फोटो हॉलमध्ये लावला आहे. त्यात पंजाबी ड्रेस आहे, त्यावर हातानं विणलेला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, त्यावर काकांचं विंडचीटर, पायांत पांढरे बूट, डोक्याला माकडटोपी आणि सगळ्यावरून तिरका लटकलेला पासपोर्टचा पाउच. खास सहलीसाठी घेतलेला लांब लोकरी कोट? तो बॅगेत होता. तिथं काय, बर्फात खराब झाला असता.

हे जपणं काकूंच्या अंगात इतकं मुरलं आहे की त्यांच्या कपाटातली पैठणी त्यांच्यापेक्षा टवटवीत आहे. ती सासूबाईंकडून आलेली. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली तर घडीच्या रेघेवर चिरते, जर मोडते. डांबरगोळी जरीला टेकली तर जर काळवंडते. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. काकूंना हे सगळं तोंडपाठ. पैठणी जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेली असते, दर काही महिन्यांनी सावलीत हवा खाते आणि नव्या घडीवर परत आत जाते. नेसायचा विषय निघाला की काकू दचकतात. “गर्दीत कोणी पदरावर पाय दिला म्हणजे?”

शेवटी मुलीचं लग्न ठरलं आणि तिनं कट केला. लग्नाला तीन आठवडे असताना मापाचा ब्लाउज नाहीसा झाला. काकूंनी खुंटी पाहिली, कपाटाचे तिन्ही कप्पे उलथेपालथे केले, इस्त्रीवाल्याची झडती घेतली. ब्लाउज मुलीच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सुखरूप होता. निरुपायानं काकू मास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि दोन-तीन दशकांनंतर त्यांना टेप लागला. मास्तरांनी आकडे वहीत लिहिले, एकदा वहीकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, “इतकी वर्षं मी दुसऱ्याच बाईचे शिवत होतो.”

लग्नाच्या दिवशी पार्लरच्या मुलीनं पैठणी नेसवली. बाह्या कोपरापर्यंत, खांदा खांद्यावर, काठ जमिनीपासून बोटभर वर. काकूंना पदरावर पाय पडण्याच्या भीतीनं ताठ चालावं लागत होतं आणि त्यामुळे त्या आणखीच रुबाबदार दिसत होत्या. काका पंचे आणि नारळ कुठं ठेवले हे विचारायला त्यांना हॉलभर शोधत होते. ते दोनदा त्यांच्या समोरून निघून गेले. विहीणबाईंनी साडीचं दुकान विचारलं, काकूंच्या जावेनं पार्लरचा नंबर घेतला आणि फोटोग्राफरनं न सांगता चार फोटो जास्तीचे काढले.

तिसऱ्या दिवशी काकू गाऊनवर ओढणी घेऊन मास्तरांच्या दुकानात हजर झाल्या. पिशवीतून त्यांनी लग्नातला ब्लाउज काढून टेबलावर ठेवला.

“फार सुरेख झाला हो. सगळ्यांनी विचारलं.”

“पैठणी काय म्हणते?”

“ती गेली आत. आता थेट नातवाच्या मुंजीला.” ब्लाउजवरून हात फिरवून काकू म्हणाल्या, “मी ठरवलंय मास्तर. तो जुना काही सापडत नाही. आजपासून हाच मापाचा.”

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. त्यांचा चेहरा उजळला होता.

“फक्त अर्धा इंच सैल,” काकू म्हणाल्या.