अनुभवाची अट आणि पासपोर्टाची सवलत

पहिली नोकरी मिळण्यासाठी अनुभव लागतो आणि अनुभव मिळण्यासाठी पहिली नोकरी लागते, हा पेच जगातील सर्व बेरोजगारांच्या परिचयाचा असला, तरी तो सोडवल्याचे श्रेय पूर्व आणि आग्नेय आशियातील इंग्रजी अध्यापनाच्या बाजारपेठेला द्यावे लागते. कारण उमेदवाराने यापूर्वी काय केले आहे हे पाहण्यापेक्षा तो कोठे जन्मला हे पाहणे अधिक सोपे, स्वस्त आणि निर्विवाद असते, हे तत्त्व या बाजारपेठेने अन्य सर्व व्यवसायांच्या आधी ओळखले.

या तत्त्वाचे सर्वांत रेखीव रूप दक्षिण कोरियात आढळते. तेथे परकीय भाषाशिक्षकाला ‘ई-२’ या प्रवर्गाचा व्हिसा दिला जातो आणि इंग्रजीपुरता तो सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी राखून ठेवलेला आहे. अर्जदार पदवीधर असावा लागतो. परंतु पदवी कोणत्या विषयाची असावी याबाबत शासन कमालीचे उदार असल्यामुळे सागरी जीवशास्त्राचा किंवा हॉटेल व्यवस्थापनाचा नवपदवीधर सोलच्या एखाद्या उपनगरात पहिलीतल्या मुलांसमोर इंग्रजीचा अधिकारी पुरुष म्हणून उभा राहू शकतो. त्याच्याकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला घेतला जातो. दाखला आणि पदवी या दोहोंवर ‘अपोस्टिल’, म्हणजे एका देशाचा दस्तऐवज दुसऱ्या देशाने खरा मानावा यासाठी १९६१ च्या हेग करारानुसार दिलेले प्रमाणन, असावे लागते. आणि तो कोरियात उतरल्यावर त्याची आरोग्यतपासणी होते, जिच्यात अमली पदार्थांच्या चाचणीचाही समावेश असतो. (एचआयव्हीची सक्तीची चाचणीही पूर्वी होत असे, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २०१५ मध्ये तिच्याविरुद्ध मत दिल्यानंतर ती २०१७ मध्ये रद्द झाली.) अशा रीतीने उमेदवार गुन्हेगार, रोगी वा व्यसनी नाही याची पूर्ण खातरजमा केली जाते. त्याला शिकवता येते काय, हा प्रश्न मात्र काहीसा खाजगी स्वरूपाचा असल्यामुळे सभ्य समाजात तो टाळला जात असावा.

खाजगी क्षेत्रात ही सभ्यता आणखी पुढे जाते. ‘हागवॉन’ म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांना जेथे पुन्हा बसवले जाते ती खाजगी शिकवणी, आपल्याकडील क्लासचे कोरियन भावंड. तेथील अर्जासोबत छायाचित्र मागण्याची प्रथा आहे आणि उच्चारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात चेहऱ्याचा उच्चारांशी संबंध सांगितलेला नसला, तरी शिकवणीचे चालक हा संबंध एका दृष्टिक्षेपात जाणतात. कारण माहितीपत्रकावर जे छापायचे असते ते व्याकरण नसून शिक्षकाचा फोटो असतो.

या सात देशांच्या यादीला काही सैद्धांतिक आधार शोधायचा झाल्यास काश्मीरमध्ये जन्मलेले भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांच्याकडे जावे लागते. त्यांनी १९८५ मध्ये जगातील इंग्रजीची तीन वर्तुळे कल्पिली: जेथे ती मातृभाषा आहे ते आतले वर्तुळ, भारत, फिलिपिन्स, नायजेरिया यांसारख्या ज्या देशांत ती वसाहतीच्या काळात येऊन स्थायिक झाली ते बाहेरचे वर्तुळ, आणि जपान, चीन, कोरिया यांसारख्या देशांत ती परकी भाषा म्हणून शिकली जाते ते विस्तारणारे वर्तुळ. बाहेरच्या वर्तुळातील इंग्रजीलाही स्वतःचे प्रमाण आणि प्रतिष्ठा असते, हे सांगण्यासाठी काचरूंनी आयुष्य खर्ची घातले. व्हिसा कचेऱ्यांनी वर्तुळे तेवढी घेतली आणि त्यांना कुंपण घातले. शिवाय ज्या दक्षिण आफ्रिकेला नेमके कोठे बसवावे हे खुद्द काचरूंना अवघड वाटले होते, तिलाही आत घेऊन त्यांनी सिद्धांतातील ती उणीव परस्पर भरून काढली.

कुंपणाची खरी परीक्षा फिलिपिन्सच्या बाबतीत होते. कोरियातील विद्यार्थी इंग्रजी शिकण्यासाठी सेबू आणि बागिओ या फिलिपिनो शहरांतील निवासी शाळांत जातात, तेथील शिक्षिकांसमोर एकेकट्याने बसून तासन्‌तास सराव करतात आणि सुधारलेले इंग्रजी घेऊन मायदेशी परततात. तीच शिक्षिका त्याच विमानाने कोरियात येऊन तेच शिकवू म्हणेल, तर मात्र तिचा देश यादीत नसल्यामुळे तिला ई-२ व्हिसा मिळत नाही. समुद्र ओलांडताना विद्यार्थ्याचे इंग्रजी टिकते आणि शिक्षिकेचे नासते, या चमत्काराचा भाषावैज्ञानिक खुलासा अद्याप झालेला नाही. थायलंड तिला नोकरी देतो. परंतु शिक्षणशास्त्राची चार वर्षांची पदवी आणि स्वदेशातील शिक्षक परवान्याची परीक्षा पदरी असूनही तिला इंग्रजीच्या चाचणीचे गुण दाखवावे लागतात, आणि शेजारच्या वर्गातील गौरवर्णीय नवशिक्याला हे गुण माफ असून पगार मात्र बहुधा तिच्याहून अधिक असतो.

जपानने हा विषय अधिक शिस्तीने हाताळला. तेथील ‘जेट’ ही सरकारी योजना १९८७ मध्ये चार देशांतील ८४८ तरुणांना घेऊन सुरू झाली आणि तिने अध्यापनाच्या अनुभवाची अट प्रथमपासूनच ठेवली नाही. अट न ठेवण्यातील प्रामाणिकपणा असा, की या तरुणाचे पदच ‘सहायक भाषाशिक्षक’ असे आहे. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो, पाठ्यपुस्तक मंत्रालयाने मान्य केलेले असते, आणि सहायकाने खूण होताच वाक्य मोठ्याने म्हणावे व मुलांनी त्याच्यामागून म्हणावे, एवढ्यावर त्याचे कार्य अनेक ठिकाणी संपते. त्यामुळे हे सहायक स्वतःला ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणवून घेतात. टेपरेकॉर्डरला अनुभव विचारण्याची पद्धत नसल्यामुळे या पदासाठीही तो विचारला जात नाही, हे तर्काला धरूनच आहे.

अनुभवाची उणीव ज्यांना तरीही बोचते, त्यांच्यासाठी प्रमाणपत्रांचा उद्योग उभा आहे. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकवण्याच्या प्रशिक्षणाला ‘टेफल’ म्हणतात आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचे किमान १२० तास मागितले जातात. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या अभ्यासक्रमात उमेदवाराला खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते. संगणकावर पूर्ण होणाऱ्या अनेक स्वस्त अभ्यासक्रमांत एकाही विद्यार्थ्याचे दर्शन न घेता १२० तास भरतात, आणि तास मोजणारे घड्याळ उमेदवार झोपला असतानाही चालत असते. चीनच्या नियमांत परकीय शिक्षकाला दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असला, तरी असे प्रमाणपत्र दाखवल्यास ती अट शिथिल होऊ शकते. म्हणजे न शिकवण्याचे १२० तास हे शिकवण्याच्या दोन वर्षांच्या बरोबरीचे ठरतात. त्याच चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या शिकवण्यांना नफा कमावण्यास मनाई केली आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांची दारे बंद केली, तेव्हा अनुभवी आणि अननुभवी या दोन्ही वर्गांत प्रथमच खरीखुरी समता प्रस्थापित झाली.

तथापि अननुभवी उमेदवार हा या व्यवहाराचा केवळ लाभार्थी आहे असे समजणे अन्यायाचे होईल. थायलंडमध्ये शिक्षकाचा परवाना ‘खुरुसफा’ या शिक्षक परिषदेकडून मिळतो. ज्याच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही त्याला दोन वर्षांची तात्पुरती मुभा दिली जाते, आणि ज्याची शाळा एवढीही खटपट करत नाही तो पर्यटक म्हणून राहून दर काही महिन्यांनी लाओसची सीमा ओलांडतो व नव्या शिक्क्यासह सोमवारच्या तासाला हजर होतो. कोरियात कोणत्याही नोकराने एक वर्ष पूर्ण केल्यास त्याला किमान एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम निवृत्तिलाभ म्हणून देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे काही शिकवणीचालकांना शिक्षकाचे दोष नेमके अकराव्या महिन्यात दिसू लागतात. ई-२ व्हिसा विशिष्ट मालकाशी जोडलेला असल्याने दोष दिसताच नोकरी आणि बहुतेक वेळा मालकाने दिलेले घर एकदमच जाते. जपानमध्ये ‘नोव्हा’ ही संभाषण वर्गांची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परकीय शिक्षकांचे पगार थकले आणि काहींनी जेवणाच्या मोबदल्यात धडे दिले. इंग्रजीचे बाजारमूल्य इतक्या पारदर्शकपणे क्वचितच निश्चित झाले असेल.

महाराष्ट्राने याच्या नेमके उलट टोक गाठले आहे. येथील शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आले; ते शिकवू इच्छिणाऱ्याने पदविका घ्यावी, शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी, अभियोग्यता चाचणी द्यावी, शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर प्राधान्यक्रम भरावेत, आणि इतके होऊन निवड झालीच तर तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबावे, असा क्रम आहे. हे मानधन प्राथमिक शाळेसाठी अनेक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते आणि २०२३ मध्ये ते १६,००० रुपये झाले. अशा उमेदवाराने आशियाच्या बाजारपेठेकडे पाहिले, तर त्याची पात्रता गरजेपेक्षा फार अधिक आणि जन्मस्थळ मात्र अपुरे, असे निदान होईल.

एक दार त्याच्यासाठी उघडे आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यानुसार भारतीय नागरिकही इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसासाठी पात्र ठरू शकतो. मात्र सात देशांच्या नागरिकाला जेथे कोणत्याही विषयाची पदवी पुरते, तेथे भारतीयाला पदवीखेरीज इंग्रजी शिकवण्याचा शिक्षक परवानाही सादर करावा लागतो.