साठ टक्के आंघोळ

आत्याला फर्स्ट क्लास मिळाला. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, परीक्षेला न बसता, घरपोच.

पत्र आलं तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभा राहून ट्यूब बदलत होतो. तिने ते भिंगातून दोनदा वाचलं, खालचा बारीक मजकूर तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाली, "साठ टक्के! एवढ्यावर आमच्या गिरगावात पेढे वाटायचे."

मेलबर्नच्या वाचकांना हे पत्र कुठलं ते सांगायला नको. आई, सासू, मामी, कुणाच्या ना कुणाच्या फ्रिजवर ते लोहचुंबकाखाली अडकवलेलं असतंच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: म्हातारपणी घरीच राहा, मदत आम्ही घरी पाठवतो, असं इथलं सरकार म्हणतं. योजनेचं नाव सपोर्ट ॲट होम. ती १ जुलै २०२५ ला सुरू व्हायची होती, त्यामुळे १ नोव्हेंबरला सुरू झाली. आत्याची मदत मंजूर आहे. मंजूर म्हणजे रांगेत उभं राहायला मंजुरी. आणि ती रांग फारच लांबली की सरकारला दया येते, मग पत्र येतं की पूर्ण रक्कम मिळेपर्यंत तूर्त साठ टक्के घ्या, चाळीस मागाहून.

"म्हणजे आंघोळ," आत्याने विचारलं, "डोक्यावरून की खांद्याखालून?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आत्याने इथल्या हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित शिकवलंय. टक्केवारी दिसली की ती सोडवल्याशिवाय तिला झोप लागत नाही. तिने मला स्टुलावरून उतरवलं, पाकीट उलटं केलं आणि पेन्सिल मागितली.

योजनेत आठ पायऱ्या आहेत. पहिलीला वर्षाला साधारण पावणेअकरा हजार डॉलर, आठवीला ७८ हजार. आत्या चौथीत, चौथीला २९,७०० च्या आसपास. त्याचे साठ टक्के १७,८००. आता दुसरीला मिळतात १६ हजार आणि तिसरीला २२ हजार. "बघ," आत्या म्हणाली, "चौथीत बसवलंय आणि पुस्तकं दुसरीची दिलीत." त्यातूनही दहा टक्के व्यवस्थापनापोटी आधीच कापून जातात, म्हणजे कोण कधी येणार हे ठरवायला आणि ते येणार नाहीत हे कळवायला. उरले १६ हजार. मदतनिसाचा दर तासाला शंभर डॉलरच्या आसपास. वर्षाचे १६० तास, आठवड्याचे तीन. पूर्ण रक्कम आली असती तर पाच. तिने खाली दोन रेघा मारल्या आणि उत्तराभोवती चौकट काढली.

मग प्रश्न असा आला की पाचातले कुठले तीन? कागदावर हे सोपं असतं, कारण पैसा कुठेही कापता येतो. गरज कापायला गेलं की करवत अडते. आठवड्याला चार आंघोळी ठरल्या असतील तर साठ टक्क्यांनी दोन पूर्णांक चार दशांश होतात. तेव्हा सोमवार, गुरुवार आणि रविवारी नुसते पाय. किंवा चारही दिवस, पण बेंबीपर्यंतच. झाडू मारायला येणाऱ्या मुलाने दिवाणखान्याच्या साठ टक्क्यांवर खडूने रेघ मारावी, पलीकडचं झुरळ पलीकडेच राहील. डॉक्टरकडे नेणाऱ्या गाडीने तिला क्लिनिकच्या अलीकडच्या सिग्नलला उतरवावं. सरबराईला आलेल्या बाईने चहा टाकावा, साखर घालावी, गाळायच्या आत निघून जावं. नशीब, वॉकरचे पैसे वेगळ्या खात्यातून येतात, नाहीतर चार पायांच्या वॉकरचे दोन पूर्णांक चार दशांश पाय घेऊन ती बाथरूमच्या दारात उभी राहिली असती आणि उरलेले पाय कधी येतील म्हणून आम्ही फोनला लटकलो असतो. आणि गवत! अंगणातल्या गवताला वर्षाकाठी १८ तासांची मर्यादा आहे, हे गवताला कुणी कळवलेलं नाही. ते शंभर टक्के वाढतं. त्याला वेटिंग लिस्ट नाही, त्याचं मूल्यमापन होत नाही, पाऊस पडला की त्याच दिवशी मंजुरी आणि त्याच दिवशी अंमलबजावणी. माझ्या मते या देशातलं सगळ्यात कार्यक्षम खातं म्हणजे आत्याच्या मागच्या दारचं गवत.

पण साठच का, हा माझा प्रश्न. आत्याला त्यात काही गूढ वाटत नाही. "पन्नास दिले तर लोक 'निम्मे' म्हणतात. साठ दिले की 'बरेचसे' म्हणता येतं. पेपर तपासताना आम्हीही काठावरच्या पोराला दोन मार्क असेच वाढवायचो, त्याची आई भेटायला येऊ नये म्हणून."

आंघोळीचं आणखी एक प्रकरण आहे. योजना सुरू झाली तेव्हा सेवांची तीन खाती केली गेली. वैद्यकीय म्हणजे नर्स वगैरे, ते सगळं सरकारच्या खर्चाने. दुसरं खातं स्वावलंबनाचं, तिसरं रोजच्या जगण्याचं. या दोन्हींत तुमचा थोडा हात खिशात. आंघोळ घातली गेली स्वावलंबनात. पूर्ण सरकारी पेन्शनवर जगणाऱ्यालाही तिच्या किमतीतले ५ टक्के आणि गवताच्या किमतीतले साडेसतरा टक्के भरायचे ठरले. पेन्शन नसेल तर आंघोळीला निम्म्यापर्यंत. दुसऱ्याने आंघोळ घालणं हे स्वावलंबन, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस कधी तरी स्वतःची पाठ चोळून घ्यायला कुणाची वाट पाहील अशी माझी फार इच्छा आहे. मी शाप देत नाही. आमच्याकडे तळतळाट म्हणतात.

वाट पाहण्याचे टप्पे सांगत बसत नाही. आम्ही पहिला फोन केला तो मागच्या जूनमध्ये. गरज तपासणारी बाई आली डिसेंबरात, सोबत फोनवर एक हिंदी दुभाष्या घेऊन. इथल्या दोन पिढ्यांना इंग्रजीतून लसावि-मसावि शिकवलेल्या आत्याने त्या दुभाष्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या, कारण तो बिचारा कानपूरचा होता आणि एकटा राहत होता. बाईने विचारलं, "तुम्ही स्वतः उठून उभ्या राहू शकता का?" आत्या उठून उभी राहिली. पाहुणी आली की उभं राहायचं असतं. तेवढ्यावर एक पायरी गेली असेल अशी माझी खात्री आहे. तरी तिला सांगून ठेवलं होतं, आत्या, आज जरा वाईट दिस. पण आयुष्यभर "आम्ही छान आहोत" म्हणून वाढवलेल्या बाईला तासाभरात आजारी कसं करायचं? गॅस चालू राहतो का, औषधं चुकतात का, रात्री पडलात का, या सगळ्याला तिने "छे हो" असं उत्तर दिलं. तीन आठवड्यांपूर्वी ती न्हाणीत पडली होती. गुडघ्यावरचं निळं पिवळं झालं होतं, एवढाच फरक.

आणि हे वाट पाहणं एका बाजूचं असतं. तुम्ही महिनोन् महिने थांबलात, हरकत नाही. पण एकदा निधी तुमच्या नावावर आला की ५६ दिवसांत सेवा देणारी कंपनी शोधून करार करायचा, मुदतवाढ मागितलीत तर आणखी २८, नाहीतर तो परत. सरकारचा उशीर मोजायला कॅलेंडर लागतं, आपला मोजायला दिवस मोजून दिलेले असतात.

पुण्याच्या चुलतभावाला हे सांगितलं तर तो व्हॉट्सॲपवर खवळला. "तुमचे चोचले! इकडे साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा पेन्शनचा वाटा महिना २०० रुपये आहे, तोही दारिद्र्यरेषेखाली असाल तर. आईला सांभाळायला ब्युरोची बाई ठेवलीये, ती महिन्याला माझी अर्धी पेन्शन खाते." तो म्हणतो ते खोटं नाही. तरीही एका घरात आग लागली असताना शेजारच्या घरात आगीचा बंब नाही म्हणून आपण नळी गुंडाळून ठेवायची का? मी त्याला एवढंच लिहिलं की तू साठ टक्के बरोबर आहेस. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

तर उरलेले चाळीस टक्के. ते कुठे असतात याचा सरकारला पत्ता नसेल तर मी देतो. ते माझ्या घरी असतात, त्यांना माझ्याशी लग्न करून एकतीस वर्षं झाली. सोमवार-गुरुवार मदतनीस येते; मंगळवार-शनिवार माझी बायको कामावर जायच्या आधी, पावणेसातला, बावीस किलोमीटर गाडी हाकत जाते. बाह्या कोपराच्या वर दुमडते, घड्याळ काढून वॉशिंग मशीनवर ठेवते, हातावर पाणी घेऊन बघते. आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते, मांडीवर पंचा घेते आणि डोळे मिटते. पहिल्या दिवशी तिला इतकी लाज वाटली की ती पाढे म्हणायला लागली. आता तो नेमच झालाय. पाठीला दिडकी, पायांना अडीचकी, केसांवर पाणी ओतताना पाऊणकी. बायको विज्ञान शाखेची, तिला अडीचकी येत नव्हती. आता येते. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा असतो आणि मला दोघींचे आवाज ऐकू येतात. शिकवणी म्हणावं की आंघोळ, कळत नाही.

हे सुरेख चित्र आहे, आणि याच चित्रावर सगळा हिशोब बेतलेला आहे म्हणून माझं डोकं फिरतं. कुठल्या तरी तक्त्यात कुणी तरी धरून चाललंय की घरात एक सून, लेक, भाचेसून असेलच, तिचं घड्याळ काढून ठेवलेलं असेलच. तिच्या पेट्रोलला पायरी नाही, तिच्या कंबरेचं मूल्यमापन नाही, तिच्या पगारातून गेलेले तास कुठल्याच खात्यात नाहीत, ना वैद्यकीय ना स्वावलंबनाच्या. आणि जिच्या घरात अशी कुणी नाही तिचं काय? आत्याच्या शेजारी ग्रीक आजीबाई राहतात, कुंपणावरून लिंबं द्यायच्या. त्यांनाही मंजुरीचं पत्र आलं होतं, लोहचुंबकाखाली लावलं होतं. २०२५ च्या मध्याला असे एक लाखाहून जास्त लोक मंजुरी हातात घेऊन रांगेत होते. रांगेतून नाव निघायला दोन वाटा आहेत: पैसे येतात, किंवा माणूस जातो. दोन्हींनी रांग सारखीच पुढे सरकते. आजीबाईंचं घर आता विक्रीला निघालंय आणि लिंबं कुंपणापलीकडे पडून सडताहेत. जाहिरातीच्या पाटीवर लिहिलंय, 'सुखी कुटुंबासाठी तयार बाग.' मेल्यांनो, त्या बागेला पाणी घालायला ती बाई बादली घसटत जात होती, कारण माळी मंजूर होता!

माफ करा. विनोदी सदर आहे, संपादकांचा मागेही फोन आला होता.

आत्याकडे परत. मागच्या आठवड्यात तिला एक फॉर्म आला: योजनेविषयी तुमचा अनुभव कळवा, प्रश्न वीस. तिने रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून, शाईच्या पेनाने, अतिशय सुवाच्य अक्षरात बारा प्रश्नांची उत्तरं लिहिली. तेराव्यापासून काहीच नाही. मी म्हटलं, "अगं, आठ राहिले." तिने पेनाचं टोपण लावलं, पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. "पोस्टात टाक."

काल तिकडून फोन आला. फार गोड आवाजाची मुलगी होती. म्हणाली, आजी, तुमचा फॉर्म अर्धवट आलाय, बाकीची उत्तरं मिळाली तर बरं होईल.

"हो, बाकीची मंजूर आहेत," आत्या म्हणाली. "रांगेत आहेत."