वाजवी शिल्लकेस अनावृत पत्र

श्रीमती वाजवी शिल्लकबाई, मुक्काम विनाअनुदानित शाळेचा जमाखर्च, यांस कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपली प्रत्यक्ष भेट घडण्याचे भाग्य आजवर मला लाभलेले नाही. परंतु दर तिमाहीस शिकवणी फी, सत्र फी, संगणक फी आणि स्नेहसंमेलन अशा निरनिराळ्या सदरांखाली आपल्या योगक्षेमासाठी यथाशक्ती भरणा करणारा मी एक इमानी पालक असल्यामुळे, चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो असे वाटते. आपले कुल थोर. 31 ऑक्टोबर 2002 रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी विनाअनुदानित संस्थांना आपली फी आपण ठरवण्याची मुभा दिली, विस्तार व सुधारणा यांसाठी माफक रक्कम मागे ठेवण्यास हरकत नाही असे म्हटले, आणि त्याच निकालात आपले ज्येष्ठ बंधू नफाराव यांना शाळेच्या आवारात पाऊल ठेवण्याची मनाई केली. तेव्हापासून आपण राजमान्य झालात, आणि नफारावांना मागील दाराने ये-जा करावी लागू लागली.

आपल्या पूर्वी या प्रांतात शाळा चालत नव्हत्या असे नाही. 1880 साली पुण्यात निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी अल्प वेतनावर काम पत्करले, आणि आजीव सभासदांनी बाहेरची मिळकत करावी की करू नये, वेतनात भर घालावी की घालू नये, अशा प्रश्नांवरून पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत एवढे रण माजले की 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात दाणागोटा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंना मंगळसूत्र मोडावे लागले. त्या काळी आपला जन्म झालेला नव्हता हे किती बरे झाले. संस्थाचालकांच्या घरातले दागिने शाळेकडे जाण्याची ती उलटी चाल आपल्यासारख्या कुलीन स्त्रीस पाहवली नसती.

असो. महाराष्ट्राच्या 2011 सालच्या शुल्क विनियमन कायद्याने आपल्या दर्शनाची रीतसर व्यवस्था लावून दिलेली आहे. पालकांचे प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडावेत, मुख्याध्यापकांनी अध्यक्षस्थानी बसावे, वर्ष सुरू होण्यापूर्वी सहा महिने फीचा प्रस्ताव हिशेबासह या कार्यकारी समितीपुढे यावा, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षे बदलू नये, असा तो बंदोबस्त आहे. एके वर्षी माझी चिठ्ठी निघाली आणि मी मोठ्या उमेदीने सभेस गेलो. समोसा आला, चहा आला, आणि त्या पाठोपाठ ताळेबंदाची एकमेव प्रत टेबलावरून फिरत आली. ती माझ्यापाशी पोहोचेतो खजिनदारांनी फीवाढीची आवश्यकता प्रतिपादन केली होती, शिक्षक प्रतिनिधींनी (ज्यांची वार्षिक वेतनवाढ त्याच गृहस्थांच्या हातात होती) माना डोलावल्या होत्या, आणि हजेरीच्या म्हणून केलेल्या आमच्या सह्या संमतीच्या ठरल्या होत्या. घाईघाईने पान उलटून मी आपला शोध घेतला. शेवटच्या ओळीत आपण होतात, परंतु इतक्या कृश अवस्थेत, की दीड हजार मुलांकडून गोळा झालेल्या द्रव्याने आपले एवढेच पोषण कसे झाले असा प्रश्न मला पडला.

त्याचे उत्तर दोन ओळी वर होते. ‘इमारत भाडे’ ही रक्कम शिक्षकांच्या एकूण वेतनाशी बरोबरी करू पाहत होती, आणि इमारतीच्या मालक असलेल्या खाजगी कंपनीचे संचालक आणि आमच्या ट्रस्टचे विश्वस्त यांची आडनावे एकच होती. बसगाड्यांचा ठेका मेहुण्यांकडे, गणवेश व वह्या ठराविक दुकानातून, आणि ‘शैक्षणिक सल्ला’ या सदराखालील भरघोस मानधन सूनबाईंकडे. दिल्लीच्या मॉडर्न स्कूल खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा पैसा चालक संस्थेकडे वळवू नये असे बजावले. पण ते झाले वळवण्यासंबंधी, आणि आमच्याकडे तर पैसा वळवला जात नाही, रीतसर करारनामा करून, पावती घेऊन, तो खर्ची पडतो. आयकर खात्याचा नियमही किती सोयीचा! धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचे 85 टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावेत म्हणजे करमाफी मिळते, आणि घरभाडे हे शिक्षणाचे उद्दिष्ट नव्हे असे म्हणण्याची छाती कोणाची आहे? विश्वस्तांच्या नातलगांना अवाजवी लाभ दिल्यास ती माफी जाते असेही कलम आहे. परंतु भाडे वाजवी असल्याचा दाखला देणारे मूल्यमापक या शहरात पुष्कळ आहेत. काही ठिकाणी तर याहून साधी रीत असते: शिक्षकाचा पूर्ण पगार बँकेत जमा होतो आणि त्यातला ठरलेला हिस्सा दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून कार्यालयात परत येतो. वही चोख राहते. एकट्या पालकास दाद मागण्याची सोय नाही. शुल्क कायद्याच्या नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे 25 टक्के पालक एकत्र आले तर विभागीय शुल्क नियामक समितीचे दार उघडते, म्हणजे आमच्या शाळेत पावणेचारशे सह्या, आणि सही करणाऱ्या प्रत्येकाचे मूल त्याच शाळेत.

बाई, मला खरे वैषम्य वाटते ते निराळ्याच एका गोष्टीचे. आमच्या गल्लीच्या टोकास आणखी एक विनाअनुदानित शाळा आहे; पत्र्याचे छप्पर, बेताची फी, आणि मुख्याध्यापिका स्वतःच रोजकीर्द लिहितात. तेथे आपली निकड असूनही आपण फिरकत नाही. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे 25 टक्के जागांवर दुर्बल घटकांची मुले त्यांनी घेतली, आणि त्यांची प्रतिपूर्ती सरकारने करावयाची होती. दर मुलामागे 17,670 रुपये हा आकडा ठरला, टाळेबंदीच्या काळात तो 8,000 वर आणला गेला, आणि जे देणे ठरले तेही वेळेवर हाती पडत नाही. पंचवीस टक्क्यांची ती भरपाई थकल्यावर उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांच्या फीमधून दोन्हींचा खर्च भागवावा लागतो, आणि मार्चअखेर पगार दोन हप्त्यांत होतात. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने एका किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले, तेव्हा थकबाकी फेडण्यापेक्षा बाकीच वाढू न देण्याची ही युक्ती पाहून मी थक्क झालो. उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द ठरवली. मुले परत आली, हे योग्यच झाले. पैसे मात्र मुलांच्या मागोमाग आले नाहीत. तेथे ठेका घेणारा मेहुणा नाही, सल्ला देणारी सून नाही. या शाळेत आपण मुक्कामास गेलात तर सर्व काही उजेडात राहील, पण कदाचित तेच आपल्याला अडचणीचे वाटत असेल.

येत्या डिसेंबरात आमच्याकडे फीवाढीचा नवा प्रस्ताव समितीपुढे यावयाचा आहे. माझी चिठ्ठी यंदा निघालेली नाही, परंतु आपण जातीने हजर राहण्याचे मनात आणलेत, तर येताना इमारतीच्या भाडेकराराची प्रत तेवढी घेऊन यावी. मी ती कार्यालयात तीनदा लेखी मागितली, आणि साहेब बाहेरगावी असल्यामुळे कपाटाची किल्ली मिळत नाही असे मला तिन्ही वेळा अत्यंत अदबीने सांगण्यात आले.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक फी भरणारा