पुण्य त्यांचं, कोथिंबीर आमची

सदाशिव पेठेत भाजी पिकवायला जमीन लागत नाही. गच्ची, आंब्याची रिकामी पेटी आणि खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खायची तयारी एवढं पुरतं. पंचाईत होते ती धने उगवल्यावर. कोवळी रोपं दिसली की बुलबुल शेंडे खुडतो, पारवे पेटीतच फतकल मारतात आणि उरलंसुरलं रात्री गोगलगाय निपटते.

पेठेचा पहिला उपाय अर्थातच पाटी: ‘येथे बसू नये. अपमान केला जाईल.’ पारवे त्या पाटीवरच बसतात. मग जुन्या सीड्या टांगल्या जातात. पक्षी थोडे दिवस बिचकतात, पुढे त्यांत बघून पिसं सारखी करतात.

खरा उपाय बिनबोभाट आहे. कामट्यांची कमान करून नायलॉनची जाळी ताठ ताणायची, कडा विटांखाली दाबायच्या. सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात. माव्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा, गोगलगायी अंधार पडल्यावर हाताने वेचायच्या.

पण शेजारच्या गच्चीवर रोज पहाटे ज्वारी उधळणाऱ्या धर्मात्म्यावर कुठली जाळी टाकणार? २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तर लोकांनी ती ओढून काढली. इथे असला आक्रस्ताळेपणा होणार नाही. सोसायटीच्या सभेत विषय निघेल, उपसमिती नेमली जाईल, तिच्या अध्यक्षपदी ज्वारीवाले काका बिनविरोध निवडून येतील.