पुण्य दात्याचे, जाळी शेजाऱ्याची

मुंबईतील कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे टाकण्यासाठी रूढ झालेली सार्वजनिक जागा, ही नागरी अर्थव्यवहारातील एक विलक्षण संस्था मानावी लागते, कारण तेथे चण्याच्या मुठीगणिक पुण्य दात्याच्या खाती जमा होते आणि विष्ठा मात्र शेजाऱ्याच्या खिडकीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर व अखेरीस फुप्फुसांत उतरते. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह, होऊ शकतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु वैद्यकशास्त्राला मतदारसंघ नसतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि ऑगस्टमध्ये भूतदयेच्या कैवाऱ्यांनी ती ताडपत्री मोठ्या आवेशाने फाडून काढली. कबुतरांच्या संख्यावाढीचे मूळ आयत्या अन्नात असल्यामुळे बाल्कनीस जाळी लावण्याने त्यांची संख्या घटत नाही, ती फक्त बिनजाळीच्या बाल्कनीकडे सरकते. आणि त्या जाळीचे बिल दाणे टाकणाऱ्याच्या नावे कधीच निघत नाही.