व्यास वर, गणपती खाली

बद्रीनाथहून माणा तीन किलोमीटर. चारधामला निघालेल्या मराठी सहलीत या गावाच्या वाट्याला नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्यामधली फट येते. त्या फटीत दोन गुहा, एक पूल, एक नदी, एक चहा आणि एक लोकरी टोपी बसवायची असते. बसते. आपल्या लोकांना हे जमतं.

उंची सुमारे ३,२०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. गावातली वाट दगडी आणि चढाची. पहिल्या वळणावर दम लागतो आणि दुसऱ्या वळणावर तो लपवण्यासाठी निसर्गाचं कौतुक सुरू होतं. तेवढ्यात गणेशगुफा येते. तिच्या बरंच वर व्यासगुफा. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ते इथे, अशी श्रद्धा. रांगेतला एखादा काका हमखास विचारतो, की सांगणारा वर आणि लिहिणारा खाली, तर ऐकू कसं यायचं? शंका रास्त आहे. त्यात शेजारी सरस्वती नदी असली गर्जत कोसळते, की तिच्यावरच्या भीमपुलावर नवरा-बायकोलाही एकमेकांचं ऐकू येत नाही. (काही जोडपी तिथे बराच वेळ रेंगाळतात.) लेखनात व्यत्यय येतो म्हणून गणपतीनं तिला हळू वाहायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही, मग शाप मिळाला आणि ती थोडं पुढे जाऊन अलकनंदेत नाहीशी झाली, असं तिथले लोक सांगतात. त्या जागेला केशवप्रयाग म्हणतात. विद्येच्या देवानं विद्येच्या देवीला गप्प बसवल्याची दुसरी कथा माझ्या तरी ऐकण्यात नाही.

या सगळ्यात पुण्याच्या माणसाची पंचाईत वेगळीच असते. तिथल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. असंख्य हस्तलिखितं ताडून पाहिली, ही कथा नंतरची भर ठरली, विषय संपला. ज्या गावानं गणपती चौकाचौकात बसवला, त्याच गावानं त्याला महाभारतातून उठवला! बरं, महाभारत रचायला व्यासांना तीन वर्षं लागली असं महाभारतच सांगतं. संपादनाचं काम मात्र १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. लिहिणाऱ्यापेक्षा तपासणाऱ्याला जास्त वेळ लागतो, हे छापखान्याशी संबंध आलेला कुणीही मान्य करील. एवढं होऊनही पुणेकर मंडळी माण्याला येतात, बूट काढतात आणि परिशिष्टातल्या गणपतीपुढे मनोभावे हात जोडतात. मला यात काहीच विसंगती दिसत नाही. संशोधन पुण्यात करायचं, नमस्कार माण्यात.

भीमपूल म्हणजे सरस्वतीच्या घळीवर आडवी पडलेली एक प्रचंड शिळा. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांसोबत द्रौपदी होती, तिला नदी ओलांडता येईना, म्हणून भीमानं ही शिळा टाकली म्हणे. पुढे याच वाटेवर एकेक जण कोसळत गेला आणि प्रत्येकाच्या पडण्याचं कारण युधिष्ठिरानं मागे वळूनही न पाहता सांगितलं. भीमाचं कारण होतं अतिखाणं. त्याच्या पुलाशी आज चहा आणि मॅगी जोरात खपते. ती खाताना हा प्रसंग कुणाला सांगू नये, उगाच ताटावरची माणसं दुखावतात.

चहाच्या दुकानाचं आणखी एक. 'भारतातलं शेवटचं चहाचं दुकान' अशी पाटी इथे वर्षानुवर्षं होती आणि तिच्याखाली उभं राहून फोटो काढणं हे तीर्थयात्रेचं अंगच होतं. 'शेवटचा चहा' हे ऐकायला जरा अमंगळच. २०२२ मध्ये पंतप्रधान येऊन गेले, पुढच्या वर्षी सीमा रस्ते संघटनेनं गावाच्या वेशीवर 'भारतातलं पहिलं गाव' अशी पाटी लावली आणि ती अडचण दूर झाली. चहा होता तेवढाच गोड आहे.

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते वसुधारा धबधब्याला जातात. माण्यापासून पाचेक किलोमीटर चाल, सुमारे ४०० फुटांवरून पडणारं पाणी. पाप्याच्या अंगावर त्याचे तुषार पडत नाहीत, अशी समजूत आहे. एरवी पावसाचा थेंब उडाला तर छत्री उघडणारी माणसं इथे तुषारांच्या मागे धावतात. वारा फिरला की पुण्यवान बदलतात. सासू कोरडी आणि सून भिजलेली, असा निकाल लागला तर परतीची पाच किलोमीटर कशी जात असतील, याची कल्पना करावी. माझ्या मते जरा उशिरानं, उन्ह चढून वारा सुटल्यावर जावं. दोघींवरही उडण्याची शक्यता वाढते.

ही सगळी पाहण्याची ठिकाणं खरं तर ऐकण्याची आहेत. शिळा, गुहा, पाणी. बाकीचं आपण घरून घेऊन जातो. खुद्द गाव त्यामुळे बघायचं राहून जातं, आणि तेच सगळ्यात बघण्यासारखं आहे. माण्याचे लोक भोटिया. गावाच्या मागे माणा खिंड, साडेपाच हजार मीटरपेक्षा उंच, आणि तिच्या पलीकडे तिबेट. इकडून धान्य आणि गूळ जायचा, तिकडून मीठ आणि लोकर यायची. १९६२ च्या युद्धानं तो व्यापार संपवला. या वाटेनं १६२४ मध्ये अंतोनियो द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री गेला. हा गोव्यात राहिलेला माणूस. हिंदू यात्रेकरूचा वेश करून तो बद्रीनाथच्या यात्रेकरूंबरोबर इथवर आला आणि बर्फातून खिंड ओलांडून तिबेटातल्या त्सापारांगला पोचला. तिथे त्यानं चर्चही उभारलं. शेवटी १६३४ मध्ये गोव्यातच वारला. सहलीतल्या कुणालाही त्याचं नाव सांगत नाहीत. दुपारच्या जेवणाआधी तिबेट कुठे बसवणार?

खिंड बंद झाली तरी माण्याच्या बायकांचे हात थांबले नाहीत. उंबऱ्यावर बसून, चालता चालता, गप्पा मारता मारता त्या लोकर विणतात. आपण किंमत विचारली तरी सुया चालूच. नोव्हेंबरात बद्रीनाथाचे दरवाजे बंद होतात, तेव्हा मूर्तीवर तूप माखलेलं लोकरी कांबळं पांघरतात. ते माण्यातल्या मुली विणतात. देव सहा महिने त्या कांबळ्यात राहतो आणि गाव आपली गुरं, भांडी, मुलं घेऊन खाली गोपेश्वरच्या बाजूला उतरतं. तिथेही घर, इथेही घर, दोन्हीकडची शेकोटी दरवर्षी नव्यानं पेटवायची. भाद्रपदात वामन द्वादशीला बद्रीनाथ माण्याजवळच्या मातामूर्तीच्या देवळात आईला भेटायला येतो, तेव्हा जत्रा भरते. देवालासुद्धा आईकडे वर्षातून एकदाच जायला सवड मिळते, हे ऐकून सहलीतले मुलगे एकदम मोकळे होतात.

तर टोपीचं. "कितना का है? बराबर लगाव ना, हम पाँच लेंगे," असं आपलं हिंदी त्या गल्लीत रोज घुमतं. विणणारी हसते, दहा रुपये कमी करते आणि पुन्हा सुयांकडे वळते. ज्यांच्या विणलेल्या कांबळ्यात प्रत्यक्ष बद्रीनाथ हिवाळा काढतो, त्यांच्याकडून आपण डोक्यापुरतं काही घेतोय. तेव्हा गेलात तर सांगतील ती किंमत द्या, पाचही टोप्या घ्या, आणि जमलं तर सहलीच्या माणसाला सांगून दुपारचं जेवण तासभर पुढे ढकला.