मँचेस्टर, व्हाया वडखळ

लंडनहून मोटारीने मँचेस्टरला जायचं तर घरातून किती वाजता निघावं, याचा निकाल मालवणात भरड नाक्यावर लागला आहे. रात्री दोन वाजता. निकाल अंतिम असून त्यावर लंडनमध्ये अपील नाही.

प्रवास आमच्या पुतण्याचा. नोकरी लंडनात, आईवडील सध्या त्याच्याकडे मुक्कामाला. शनिवारी त्यांना ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान दाखवायचं, एवढाच बेत. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ चार तास. पोराने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे नुसतं कळवलं होतं, कोणाला काही विचारलं नव्हतं. पण सिंधुदुर्गातल्या माणसाला रस्त्याचा प्रवास नुसता कळवून भागत नाही. संध्याकाळच्या चहाला समिती बसली. अध्यक्षस्थानी मालवण–मुंबई रातराणी चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. सदस्य म्हणून एक मास्तर, घाटकोपर सोडून गावी परतलेले एक चाकरमानी, आणि आबा. आबांकडे आयुष्यात कधी गाडी नव्हती, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरतात.

पुतण्याला स्पीकरवर घेतलं. काकांनी पहिला प्रश्न टाकला, "वाटेत घाट खंय आसा?"

"घाट नाही, काका."

"नाय? मगे इंजान खंय थंड करतलस?"

मोटरवेवर इंजिन थंड करायला थांबता येत नाही, विनाकारण कडेला उभं राहिलं तर दंड होतो, हे ऐकून समितीचं ब्रिटनविषयीचं मत पहिल्या पाच मिनिटांतच खाली आलं. मग मुद्द्याचा प्रश्न आला. "बरा, रस्तो खंयपर्यंत इलो हा?"

हा प्रश्न पुतण्याला कळेना. मुंबई–गोवा महामार्गावर वाढलेल्या माणसाला रस्ता ही पूर्ण झालेली वस्तू असते, हे माहीत नसतं. आमच्याकडे रस्ता आजारी माणसासारखा विचारावा लागतो: आता कसा आहे, कालच्यापेक्षा बरा का, डॉक्टर काय म्हणाले. "सगळाच झालेला आहे," पुतण्या म्हणाला. "कधीपासून?" मास्तरांनी तोवर मोबाइलमध्ये शोधून ठेवलं होतं. एम-वन नावाच्या मोटरवेचा पहिला टप्पा 55 मैलांचा, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर. काम सुरू झालं मार्च 1958 मध्ये, रस्ता खुला झाला नोव्हेंबर 1959 मध्ये. एकोणीस महिने.

आमचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा 84 किलोमीटरचा. चौपदरीकरण सुरू झालं 2011 साली. त्या वर्षी पहिलीत बसलेल्या पोरांनी आता मतदानही करून झालं, आणि ती पोरं ज्यांना निवडून देतात ती मंडळी दर श्रावणात महामार्गाची पाहणी करतात. पाहणी मात्र कधी रखडलेली नाही. एकोणीस महिन्यांचा आकडा ऐकून आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेंका घाई कित्याक होती?"

आबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्रजांनी रस्ता इतक्या लवकर उरकला की रस्त्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे काही उरलंच नाही. बिचारे हवामानावर बोलत बसतात.

माझं स्वतःचं निरीक्षण असं की, नियोजनाचा कोटा दर रस्त्यामागे ठरलेला असावा. सरकारने त्यातला जितका उचलला नाही, तितका प्रवाशाच्या वाट्याला येतो. म्हणून लंडनच्या पुतण्याचं नियोजन फोनमध्ये पत्ता टाकला की संपतं, आणि गणपतीला मुंबईहून मालवणला निघालेल्या चाकरमान्याचं नियोजन एखाद्या लष्करी मोहिमेइतकं असतं. नागोठण्यात कोण ओळखीचं, माणगावच्या बाजारपेठेतून गाड्या हलतायत की नाही, कशेडीला बोगद्यातून सोडतायत की जुन्या घाटातून, परशुरामला दरड आली का, चिपळुणात कोणत्या बाजूने वळवलंय, हातखंब्याला मातीचे ढीग कुठल्या अंगाला आहेत. पूर्वी हे सगळं एसटीच्या ड्रायव्हरला एकट्याला माहीत असायचं. आता घरातल्या लहान पोरालाही पाठ आहे. शाळेत मात्र हे कधी विचारत नाहीत.

एवढं करून रस्ता टाळायचा तरी पर्याय असतात. एक्स्प्रेसवेने पुण्याला जायचं, सातारा, कोल्हापूर करत घाटमाथ्यावर चढायचं आणि गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली कोकणात उतरायचं. समुद्राकाठच्या मुंबईतून समुद्राकाठच्या मालवणात यायला सह्याद्री एकदा चढायचा आणि एकदा उतरायचा. करूळ घाटही जानेवारी 2024 मध्ये काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि वर्ष सरलं तरी बंदच होता, हा भाग वेगळा.

मग 2025 च्या गणपतीत कोकण रेल्वेने उपाय काढला. गाडीच रेल्वेवर चढवा. कोलाडला मोटार वॅगनवर ठेवायची, आपण डब्यात बसायचं आणि गोव्यात वेर्ण्याला उतरायचं, भाडं 7,875 रुपये. कल्पना सुंदर आहे, पण कोलाड येतं पनवेल आणि इंदापूर यांच्या मधे. म्हणजे ज्या टप्प्याच्या धास्तीने माणूस मोटारीला रेल्वेत बसवणार, तो बहुतेक टप्पा मोटारीनेच पार करून त्याने रेल्वे गाठायची. शिवाय मालवणवाल्याने गाव ओलांडून गोव्यात उतरायचं आणि उलट्या दिशेने परत गावी यायचं. नंतर नांदगावला थांबा दिला, तेव्हा कुठे कणकवलीकडच्या लोकांना वाटलं की आपणही नकाशावर आहोत.

समितीकडे परत येतो. काकांचा पुढचा प्रश्न पुलांचा होता. "थंयचे पूल ब्रिटिशांनी बांधलेले असतले."

"सगळे त्यांनीच, काका. त्यांचाच देश आहे."

"मगे सांभाळून रे बाबा."

यावर कोणी हसलं नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. काकांनी त्या पुलावरून आयुष्यभर गाडी नेलेली. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे उरकायचं ठरवलं की आपल्याकडेही उरकतं. काय झाल्यावर ठरवतात, एवढंच विचारायचं नसतं.

वातावरण हलकं करायला मास्तरांनी टोलचा विषय काढला. बर्मिंगहॅमजवळ 27 मैलांचा एक टोलरस्ता आहे. गर्दी नको असेल त्याने पैसे देऊन तिकडून जावं, नसतील द्यायचे त्याने जुन्या रस्त्याने. चाकरमान्यांना हे पटेना. त्यांच्या अनुभवात टोलनाक्याची इमारत रस्त्याच्या आधी पूर्ण होते आणि गणपतीत टोल माफ होतो, तोही पास काढायला रांग लावल्यावर. पैसे दिल्यावर रस्ता मोकळा मिळतो, या व्यवहारात त्यांना काहीतरी फसवणूक दिसत होती.

अखेर आराखडा तयार झाला. निघायचं रात्री दोनला, कारण उजाडायच्या आत महामार्गावरचं कोंडीचं वडखळ मागे पडलं पाहिजे. लंडनला वडखळ नाही, ही अडचण काकांनी नकाशावर बोट ठेवून सोडवली: एम-वनवर सुरुवातीलाच वॉटफर्ड लागतं, तेच वडखळ. सोबत दोन स्टेपन्या, टॉर्च, घावण्यांचा डबा, खाज्याचा पुडा आणि उलटीसाठी आवळासुपारी. गाऱ्हाणं आबांनी फोनवरच घातलं. देव रामेश्वराची हद्द नेमकी कुठे संपते, यावर मास्तरांनी शंका काढली होती. पण मालवणी नाटक 'वस्त्रहरण' लंडनला जाऊन प्रयोग करून आलं, तेव्हा देवाला वाट ठाऊक आहे, असं ठरलं. आबा म्हणाले, "बा देवा रामेश्वरा, झील परमुलखात गाडी घेवन चललो हा, तेका खंय वळसो पडलो तर तू आडो रव म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." फोनमधून पुतण्याचाही आवाज आला, जरा उशिरा.

शनिवारी तो सकाळी आठला निघाला. पोरं वडीलधाऱ्यांचं ऐकत नाहीत. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा समिती हजरच होती. एम-सिक्स मोटरवेवर रस्त्याचं काम चालू होतं, एक लेन बंद, पाऊण तास उशीर झाला. ही बातमी ऐकून भरड नाक्यावर जो आनंद पसरला, तो आमच्या जेट्टीवर पापलेटची बोट लागल्यावरही क्वचित पसरतो.

"काम चालू आसा!" काकांनी आजूबाजूच्या टेबलांना सांगितलं.

"हो, पण पाटीवर लिहिलंय ना," पुतण्या म्हणाला. "कधी संपणार त्याची तारीख आहे."

"तारीख ऱ्हवांदे. साल सांग."

"हेच साल, काका. पुढच्या महिन्यात."

काकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

"तेका काम म्हणनत नाय," ते म्हणाले. "ती डागडुजी."